विकासाची शीव : शीव-धारावी परिसराच्या संदर्भात ‘समतोल’ या संकल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना

‘नगरविकास आणि पर्यावरण संवर्धन यांत समतोल साधला पाहिजे’ हे विधान आता इतके सर्वमान्य झाले आहे की त्याला विरोध करणारा पक्षच उरलेला नाही. शासनाचे आराखडे, विकासकांच्या जाहिराती, न्यायालयीन निवाडे आणि महाविद्यालयीन पाठ्यपुस्तके या सर्वांत ते आढळते. ज्या विधानाला सर्वच संमती देतात त्याचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. १९८७ साली ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालाने शाश्वत विकासाची संकल्पना रूढ केली. त्या अहवालात भावी पिढ्यांच्या गरजांचा विचार होता आणि पर्यावरणाच्या क्षमतेला असणाऱ्या मर्यादांचाही विचार होता. पुढील काळात ‘मर्यादा’ हा शब्द मागे पडला आणि ‘समतोल’ हा शब्द पुढे आला. या दोन शब्दांतील अंतर मुंबईसारख्या शहराला किती महाग पडले, याचा विचार प्रस्तुत लेखात शीव, धारावी, माटुंगा आणि लगतच्या गिरणगावाच्या आधारे केला आहे.

या विवेचनासाठी शीव परिसराची निवड करण्यामागे कारण आहे. ‘शीव’ या मराठी शब्दाचा अर्थ सीमा, हद्द असा असून स्थलनामाची व्युत्पत्ती सामान्यतः त्यावरूनच सांगितली जाते. मुंबईचे परळ बेट जेथे संपत असे आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू होत असे, ती ही जागा होय. गव्हर्नर जेरार्ड ऑन्जिए याच्या कारकिर्दीत, १६६९ ते १६७७ या काळात, येथील टेकडीवर किल्ला बांधला गेला तो इंग्रजांचा मुलूख आणि पोर्तुगीजांची साष्टी यांच्यातील हद्दीवर लक्ष ठेवण्यासाठी. राजकीय सीमा पुढे पुसली गेली; जमीन आणि पाणी यांच्यातील सीमा मात्र आजही येथेच आहे. ती कोणी, केव्हा आणि कोणत्या युक्तिवादाने ओलांडली, हा या परिसराच्या पर्यावरणीय इतिहासाचा गाभा आहे.

१. भरावातून घडलेली भूमी

अठराव्या शतकाच्या अखेरीस, १७८४ च्या सुमारास, वरळीची खिंड बांध घालून बंद करण्यात आली आणि भरतीच्या पाण्याखाली जाणारा बेटांमधील सखल प्रदेश हळूहळू कोरडा झाला. १८०३ साली शीवचा बांधरस्ता पूर्ण होऊन मुंबई बेट कुर्ल्याशी जोडले गेले. १८४५ साली माहीमचा बांधरस्ता झाला. या कामांनी शहर एकसंध झाले हे खरे असले, तरी त्यांनी निर्माण केलेली जमीन समुद्राच्या पातळीच्या संदर्भात सखलच राहिली. परळचा हिंदमाता परिसर, माटुंग्याचे गांधी मार्केट, शीवचा रेल्वेलगतचा भाग ही पावसाळ्यात पाणी साचण्याची नेहमीची ठिकाणे नकाशावर पाहिली, तर जुन्या बेटांमधील खोलगट प्रदेशाची आठवण त्यांत टिकून आहे असे दिसते. ओहोटीला येथील पाणी समुद्राकडे वाहते. मोठ्या भरतीच्या वेळी पातमुखे पाण्याखाली जातात आणि पाऊस थांबण्याची किंवा भरती उतरण्याची वाट पाहावी लागते.

याचा अर्थ असा की या परिसरात विकासाला आरंभ होण्यापूर्वीच निसर्गाकडून काही जागा उसनी घेतली गेली होती. ती परत करणे शक्य नसले, तरी तिची जाणीव ठेवून पुढील बांधकाम करणे शक्य होते. ही जाणीव काही प्रमाणात विसाव्या शतकाच्या आरंभी दिसते.

२. सुधार न्यासाची योजना : एक अपुरा धडा

१८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली, मुंबई शहर सुधार न्यासाची स्थापना झाली. न्यासाने हाती घेतलेली दादर-माटुंगा-वडाळा-शीव योजना ही मुंबईतील नियोजित उपनगराचा पहिला मोठा प्रयत्न मानली जाते. रुंद रस्ते, इमारतींमधील मोकळे अंतर, मर्यादित उंची, रस्त्याकडेची झाडे आणि मधोमध राखलेली उद्याने ही या योजनेची वैशिष्ट्ये होत. माटुंग्याची पाच उद्याने, पारशी वसाहत आणि हिंदू कॉलनी यांचे आजचे रूप त्या आखणीचेच फळ आहे. येथे मोकळी जागा घरांच्या गणितात प्रथमपासूनच धरलेली होती. बांधकाम झाल्यानंतर उरलेला तुकडा म्हणजे उद्यान, अशी कल्पना नव्हती.

तथापि या योजनेचे गुणगान करताना तिची दुसरी बाजू दृष्टिआड करता येत नाही. न्यासाने जुन्या शहरात जेवढी दाट वस्ती हटविली, त्या मानाने गरिबांसाठी बांधलेली घरे अपुरी होती, ही टीका त्या काळापासून होत आली आहे. माटुंग्याची आखणी प्रामुख्याने मध्यमवर्गाच्या कामी आली. त्याच काळात रेल्वेमार्गाच्या पलीकडे, खाडीकाठच्या कोळीवाड्याभोवती, चामडे कमावणारे, कुंभारकाम करणारे आणि गिरण्यांत रोजंदारी करणारे लोक दलदलीत स्वतःच्या श्रमाने भराव घालून धारावी उभी करीत होते. एका बाजूला उद्यानांसह आखलेली वसाहत आणि दुसऱ्या बाजूला नाल्यांसह वाढलेली वस्ती, ही दोन्ही एकाच नगराच्या एकाच काळातील निर्मिती होती. पर्यावरणाचा लाभ कोणाला आणि भार कोणावर, हा प्रश्न ‘समतोल’ या शब्दात सामावत नाही, याचा हा पहिला पुरावा होय.

पॅट्रिक गेडिस हे १९१९ पासून काही वर्षे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. योजनेपूर्वी सर्वेक्षण आणि उपचारापूर्वी निदान हे त्यांचे सूत्र होते. जुन्या वस्तीचा सरसकट नाश न करता आवश्यक तेवढीच शस्त्रक्रिया करावी, असा त्यांचा आग्रह होता. मुंबईच्या विद्यापीठीय परंपरेतच उपलब्ध असलेला हा विचार मुंबईच्या नियोजनात मात्र फारसा रुजला नाही.

३. समतोलाचे पहिले रूप : वाटणी

समतोलाची सर्वांत सोपी कल्पना म्हणजे वाटणी. गिरण्यांच्या जमिनींच्या बाबतीत ही कल्पना नियमात उतरली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव उद्ध्वस्त होत गेले आणि सुमारे ६०० एकर जमिनीचा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने स्थूलमानाने एक तृतीयांश जमीन महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश गृहनिर्माण मंडळाला आणि उरलेली मालकाला असे सूत्र घातले. १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या २५ गिरण्यांचा एकत्रित विचार करून या वाटणीला नगररचनेचे रूप देण्याचा प्रयत्न केला.

२००१ साली नियमात दुरुस्ती झाली. वाटणी संपूर्ण जमिनीची न करता केवळ ‘खुल्या जमिनी’ची करावयाची, आणि गिरणीच्या इमारती पाडल्यामुळे मोकळी होणारी जमीन त्यात धरावयाची नाही, असा तिचा परिणाम झाला. गिरण्यांच्या आवारात बांधकामच अधिक असल्याने सार्वजनिक वाटा अत्यंत आक्रसला. मुंबई पर्यावरण कृती गटाच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये सार्वजनिक हिताच्या बाजूने निर्णय दिला. परंतु ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून दुरुस्तीचा शासनाने लावलेला अर्थ ग्राह्य धरला.

या प्रकरणाचा विधिविषयक भाग बाजूला ठेवला, तरी समीक्षेच्या दृष्टीने एक गोष्ट उरते. तृतीयांशाचे सूत्र नाहीसे झाले नाही. ज्याचा तृतीयांश घ्यावयाचा ते ‘संपूर्ण’ बदलले. समतोलाची भाषा कायम राहिली आणि तिचा आशय निघून गेला. दरडोई मोकळी जागा दोन चौरस मीटरांनाही पोहोचत नसलेल्या शहराला मध्यवर्ती भागात उद्याने, शाळा आणि कामगारांची घरे एकत्र उभारण्याची ही बहुधा शेवटची मोठी संधी होती. ती एका शब्दाच्या व्याख्येत गेली. म्हणूनच नियोजनविषयक दस्तऐवज हे भाषेच्या अभ्यासकांनीही वाचण्याचे दस्तऐवज आहेत.

४. समतोलाचे दुसरे रूप : भरपाई

समतोलाची दुसरी कल्पना भरपाईची आहे. एका ठिकाणी झालेले नुकसान दुसऱ्या ठिकाणी भरून काढता येते, असे तीत गृहीत आहे. झाडाच्या बदल्यात झाड, कांदळवनाच्या बदल्यात कांदळवन आणि आरक्षित भूखंडाच्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क, ही तिची परिचित रूपे होत. जमिनीच्या किमतीपुरता विचार केला तर ही कल्पना सुसंगत आहे. परंतु विकास हक्क एका विभागातून दुसऱ्या विभागात नेता येतो. पाण्याचा उतार नेता येत नाही.

मिठी नदीचे उदाहरण येथे निर्णायक आहे. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून सुमारे १८ किलोमीटर वाहत येऊन ही नदी माहीमच्या खाडीला मिळते. तिच्या खालच्या टप्प्यात विमानतळाच्या धावपट्टीखालून तिला वळणे देण्यात आली. त्याखाली, मुखालगतच्या पाणथळ प्रदेशात भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. या संकुलासाठी महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला १९७७ साली विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा देण्यात आला होता. दक्षिण मुंबईतील कार्यालयांचा ताण कमी करणे हा त्यामागील हेतू नियोजनदृष्ट्या योग्यच होता. मात्र हा ताण कमी करताना दुसरा ताण कोणावर पडणार, याचा हिशेब मांडला गेला नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, कुलाब्यात मात्र सुमारे ७३ मिलिमीटर. एवढ्या पावसाला कोणतीही यंत्रणा पुरी पडली नसती, हे मान्य करावे लागेल. परंतु पाणी कोठे तुंबले आणि किती काळ तुंबले, हे केवळ पावसाने ठरत नसते. ते नदीला उरलेल्या रुंदीने, खाडीच्या मुखाने आणि काठावरच्या भरावाने ठरत असते. त्यानंतर नेमलेल्या डॉ. माधवराव चितळे समितीने २००६ मधील आपल्या अहवालात या सर्व कारणांचा ऊहापोह केला.

पुरानंतरच्या उपाययोजनेतही विषमता राहिली. नदीचे रुंदीकरण करताना काठावरील झोपड्या प्रथम हटल्या. धावपट्टी आणि संकुल यांचे स्थान मात्र गृहीत धरले गेले. झोपडीमुळे नदी अरुंद होते हे खरेच आहे. पण नदी अरुंद करणाऱ्या सर्वांना एकच नियम लागू झाला नाही. गाळ काढण्याचे काम दरवर्षी होत राहिले आणि २०२५ साली त्यातील कथित गैरव्यवहाराबाबत मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेला गुन्हा नोंदवावा लागला.

सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने धारावी पुनर्विकासातील अपात्र रहिवाशांच्या घरांसाठी कांजूरमार्ग, भांडुप व मुलुंड येथील सुमारे २५६ एकर मिठागरांच्या जमिनीबाबत घेतलेला निर्णय याच विचारपद्धतीचा पुढचा टप्पा आहे. धारावीतील माणसाला पक्के घर मिळाले पाहिजे, याबद्दल दुमत असू नये. परंतु एका सखल भागातील माणसाला उचलून दुसऱ्या सखल भागात नेणे आणि त्यासाठी भरतीचे व पावसाचे पाणी सामावणारी जमीन वापरणे, यास भरपाई म्हणावे काय, हा प्रश्न उरतो. गरिबांचे घर आणि शहराचे पाणी यांना परस्परांचे प्रतिस्पर्धी म्हणून उभे केले की तिसरा लाभार्थी, म्हणजे मोकळ्या झालेल्या मध्यवर्ती जमिनीचे बाजारमूल्य, चर्चेबाहेर राहतो.

५. समतोलाचा एक प्रामाणिक आकडा

या सर्व चर्चेत एक अभियांत्रिकी आकडा विशेष बोलका आहे. मुंबईच्या जुन्या पर्जन्य जलवाहिन्यांची रचना ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी होती आणि त्यांपैकी अर्धे पाणी जमिनीत मुरेल, असे त्या हिशेबात धरलेले होते. १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ताशी ५० मिलिमीटरची क्षमता सुचविली आणि पडलेले सर्व पाणी वाहूनच येईल, काहीही मुरणार नाही, असे गृहीत धरले. जुन्या हिशेबानुसार वाहिन्यांना ताशी साडेबारा मिलिमीटर पाणी वाहून न्यावे लागत होते. नव्या हिशेबानुसार ५० मिलिमीटर. ही वाढ चौपट आहे. त्यांपैकी दुप्पट वाढ अधिक पावसाचा विचार केल्यामुळे झाली, तर उरलेली दुप्पट वाढ केवळ जमीन पाणी पिणार नाही हे मान्य केल्यामुळे झाली.

विकास आणि पर्यावरण यांच्यातील नात्याचा हा सर्वांत प्रामाणिक ताळेबंद आहे. अंगण, मैदान, तळे, पाणथळ या गोष्टी जे काम विनामूल्य करीत होत्या, ते आता उदंचन केंद्रे आणि भूमिगत टाक्यांकडून करून घ्यावे लागते. हिंदमाता परिसराचे पाणी साठविण्यासाठी दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर मैदानाखाली टाक्या बांधाव्या लागल्या. या टाक्यांचा उपयोग झाला आहे. परंतु त्या जेथे बांधता आल्या ती ठिकाणे उद्यान आणि मैदानच होती, हे लक्षणीय आहे. म्हणजे अभियांत्रिकी उपायालाही अखेर मोकळ्या जागेचाच आधार लागला. ‘मोकळी जागा ही चैन आहे’ हा युक्तिवाद येथे आपोआप खंडित होतो.

६. महाराष्ट्र निसर्ग उद्यान : अपवाद आणि त्याची मर्यादा

शीव-वांद्रे जोडरस्त्यालगत, धारावीच्या उत्तरेस सुमारे ३७ एकर क्षेत्रावर उभे असलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान हे या परिसरातील सर्वांत आश्वासक उदाहरण होय. १९७७ पर्यंत ही शहराच्या कचऱ्याची भूमी होती. १९८३ साली पक्षितज्ज्ञ डॉ. सालीम अली यांच्या हस्ते येथे पहिले रोप लावले गेले आणि २२ एप्रिल १९९४ रोजी उद्यान जनतेसाठी खुले झाले. कचऱ्याच्या थरावर माती घालून, देशी वृक्ष लावून, पावसाचे पाणी साठवून उभे केलेले हे वन आज पक्षी व फुलपाखरे यांचे आश्रयस्थान आहे. नगरातील बिघडलेली भूमी सुधारता येते, हे त्याने सिद्ध केले. दीर्घकाळाचे सातत्य, एका संस्थेकडे असलेली जबाबदारी आणि जमिनीच्या वापराबाबत असलेला स्पष्ट निर्णय ही या यशाची कारणे होत.

परंतु हेही उदाहरण निर्वेध नाही. धारावी पुनर्विकासाच्या क्षेत्रात हे उद्यान येते की काय, अशी शंका निर्माण होऊन प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि उद्यान पुनर्विकासाचा भाग नसल्याचे २०२३ मध्ये तेथे सांगण्यात आले. ज्या वनाला चार दशके लागली, त्याचे अस्तित्व एखाद्या नकाशावरील रेषेच्या खुलाशावर अवलंबून राहावे, ही स्थिती समाधानकारक म्हणता येत नाही. शिवाय कुंपणाच्या आतील वन आणि कुंपणाबाहेरील, मुलांना खेळण्यास अंगण नसलेली वस्ती यांचे नाते काय असावे, याचा विचार पर्यावरणवाद्यांनीही पुरेसा केलेला नाही. शेजारची वस्ती ज्याला आपले मानते, ते उद्यान राखण्यास न्यायालयाची गरज कमी भासते.

७. समतोलाऐवजी मर्यादा

वरील विवेचनातून असे दिसते की ‘समतोल’ या संकल्पनेत एक मूलभूत दोष आहे. तराजूच्या दोन पारड्यांत ठेवण्याच्या वस्तू स्वतंत्र असाव्या लागतात. नगर आणि त्याची भूमी या तशा स्वतंत्र वस्तू नाहीत. पर्यावरण हे दुसरे पारडे नसून तराजू ज्या जमिनीवर उभा आहे ती जमीन आहे. म्हणून ‘किती पर्यावरण सोडावयाचे’ हा प्रश्न मागाहून न विचारता ‘येथे किती बांधता येईल’ हा प्रश्न आधी विचारला गेला पाहिजे. मराठी ग्रामव्यवस्थेत गावाला शीव असे. शिवेच्या आत काय करावयाचे यावर वाद होत, पण शीव आहे हे गृहीत असे.

ही कल्पना व्यवहारात आणण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक वाटतात. पहिली, नियोजनाचे एकक पाणलोट हे असावे. आज शीव एफ-उत्तर विभागात, धारावी जी-उत्तर विभागात आणि कुर्ला एल विभागात येते. नदी, खाडी, रेल्वे, मिठागरे आणि कांदळवने यांचे अधिकार वेगवेगळ्या यंत्रणांकडे आहेत. पाणी मात्र या विभागांना ओळखत नाही. दुसरी, चटईक्षेत्र निर्देशांक वाढविण्यापूर्वी त्या पाणलोटातील वाहिन्यांची क्षमता आणि मुरण्याजोगी जमीन यांचा हिशेब प्रसिद्ध करणे बंधनकारक असावे. मार्च २०२२ मध्ये जाहीर झालेल्या मुंबई वातावरण कृती आराखड्याने २०५० चे उद्दिष्ट समोर ठेवले आहे. परंतु बांधकाम परवान्याच्या पातळीवर तो उतरला नाही, तर तो संकल्पच राहील. तिसरी, कोणत्याही संवर्धनाच्या योजनेत हटविल्या जाणाऱ्या माणसांचे पुनर्वसन हे त्याच पाणलोटात, सुरक्षित उंचीवर आणि आधी झाले पाहिजे. अन्यथा पर्यावरण हे गरिबांना हुसकावण्याचे आणखी एक कारण ठरेल.

या मांडणीवर एक आक्षेप संभवतो. मर्यादा आधी ठरविल्यास घरांचा पुरवठा घटेल आणि किमती आणखी वाढतील, असे म्हटले जाईल. आक्षेप गंभीर आहे. परंतु गिरणगावाचा अनुभव असा की मर्यादा सैल केल्यानंतरही उभी राहिलेली घरे गिरणी कामगाराच्या आवाक्यात आली नाहीत. किमती केवळ चटईक्षेत्राने ठरत नाहीत. ते चटईक्षेत्र कोणासाठी आहे यावर त्या ठरतात.

समारोप

पदवी अभ्यासक्रमात पर्यावरण अभ्यास हा विषय सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर अनिवार्य झाला आणि त्यात क्षेत्रकार्याचा अंतर्भाव केला गेला. बहुतेक ठिकाणी हे क्षेत्रकार्य प्रकल्पवहीपुरते उरले आहे. रुईया, खालसा, व्हीजेटीआय आणि शीवचे एसआयईएस ही महाविद्यालये अर्ध्या तासाच्या पायी अंतरात आहेत. त्यांच्या दारापाशी दरवर्षी पाणी साचते. भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, अभियांत्रिकी आणि मराठी या विभागांनी एकत्र येऊन या परिसरातील साचणाऱ्या पाण्याची पातळी, मुरण्याजोगी जमीन, जुनी तळी आणि विस्थापित कुटुंबे यांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली, तर पुढील विकास आराखड्यावरील सूचना व हरकती केवळ भावनेवर उभ्या राहणार नाहीत. बहुविद्याशाखीय संशोधनाचा याहून जवळचा विषय मिळणे कठीण आहे. गेडिस यांचे निदानाचे सूत्र शंभर वर्षांपूर्वी याच विद्यापीठात शिकविले गेले होते; त्याची अंमलबजावणी महाविद्यालयांच्या आवारापासून सुरू होऊ शकते.